चौथा गडी

पेशकारसाहेब रोज संध्याकाळी खांद्यावर लाकडी मोगरी टाकून गावात माणूस धरायला निघत. धुणं बडवायच्या मोगरीपेक्षा ही बरीच मोठी, कमरेएवढ्या दांड्याची. ती ज्याच्या दारात थांबे, त्या घरातल्या बायका आतूनच म्हणत, "जावा, आलं तुमचं वारंट."

उदगीरकडून बदली होऊन मी इथल्या शाळेत आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वारंट माझ्यावर बजावलं गेलं. शाळा सुटली होती. मी खाटेवर आडवा होऊन चहाची वाट बघत होतो. चहाच्या आधीचा तो अर्धा तास मला देवापेक्षा प्रिय आहे, आणि तेवढ्यात अंगणातून खणखणीत आवाज आला.

"विठ्ठल वल्द नारायण, हाजिर?"

मी दचकून उठलो. माझ्या वडिलांचं नाव या गावात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दारात एक काटकुळे गृहस्थ उभे होते. अंगात खांद्यावर विटून तपकिरी झालेली काळी शेरवानी, डोक्याला टोपी, पायात कुरकुरणारे जोडे. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर, असं त्यांचं चाललं होतं.

"कोण आपण?" मी विचारलं.

"आधी हाजिर म्हना. मग इचारा."

"हाजिर."

"आता उठा. चौथा कमी पडायलाय."

मला तो खेळ येत नाही, तो काय खेळ आहे हेसुद्धा मला माहीत नाही, असं मी सांगून पाहिलं. "कुणाला येतंय?" ते म्हणाले आणि चालायला लागले. मी चहा टाकून त्यांच्यामागे का गेलो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

गावाच्या पश्चिमेला बडी बाग आहे. कुण्या सुलतानानं आपल्या बेगमेसाठी ती केली असं सांगतात. आमच्या काळी तिच्यात कोरडा हौद, चारदोन कबरी, चिंचेची झाडं आणि गावच्या शेळ्या एवढंच उरलं होतं. मात्र मधोमध हिरवळीचा एक चौकोन होता, आणि त्यात लोखंडी सळईच्या सहा बुटक्या कमानी ठोकलेल्या होत्या. मधे एक खुंटा. निजामाच्या अमदानीत एका तालुकदारानं हैदराबादला साहेब लोकांचा हा क्रोकेचा खेळ पाहिला आणि इथं आणला. मोगरीनं लाकडी गोळा मारायचा, तो कमानींतून काढत काढत न्यायचा आणि शेवटी खुंट्याला भिडवायचा. निळा आणि काळा गोळा एका बाजूचा, तांबडा आणि पिवळा दुसऱ्या बाजूचा. तालुकदार, मुन्सफ, डॉक्टर, कोतवाल असे बडे लोक खेळत, आणि मुन्सफापुढं कोर्टाचे कागद ठेवणारे पेशकार बाजूला उभं राहून कुणाची पाळी ते पुकारत.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. तालुकदार गेले, मुन्सफ गेले, डॉक्टर कराचीला गेले म्हणतात. मोगऱ्यांची पेटी तेवढी बागेत राहिली, आणि पेन्शनीत निघालेले पेशकार राहिले. त्या दोघांनी मिळून क्लब चालू ठेवला होता.

त्यांनी नोकरी सोडली होती, पण कोर्टानं त्यांना सोडलं नव्हतं. गोळा कमानीतून पुरता निघाला की नाही यावर तंटा झाला की ते गुडघ्यांवर बसत, खिशातून दोरा काढत, कमानीच्या दोन पायांना लावत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "फैसला महफूज." म्हणजे निकाल राखून ठेवला. तो पुढं कधीच लागत नसे. अंधार पडून गोळे दिसेनासे झाले की डाव आहे तिथं थांबवून ते आम्हाला दुसऱ्या दिवसाची तारीख देत. "बुधवार. समद्यांनी हाजिर ऱ्हायाचं." मंगळवारी संध्याकाळी बुधवारची तारीख ऐकायची आम्हाला इतकी सवय झाली होती, की रविवार आहे हे मला शाळेतली घंटा वाजली नाही म्हणजे कळायचं.

ते बसलेले मी पाहिले नाहीत. चहा उभ्यानं, पान उभ्यानं. कुणाकडं पाटावर बसवलंच तर दोन घासांत उठत आणि खिडकीतून रस्त्याकडं बघत. आपली पाळी नसली की कुठलीतरी कमान उपटून वीतभर पलीकडं ठोकत. त्यामुळं आमचं मैदान काल होतं तसं आज कधी नसायचं. गोळ्यांचे मूळ रंग केव्हाच उडाले होते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला रंग ते शेतकऱ्यांकडून मागून आणत आणि चारी गोळे रंगवत. एका पोळ्याला निळा कुठंच मिळाला नाही. तेव्हापासून निळ्या गोळ्याला आम्ही हिरवा असतानाही निळाच म्हणायचो.

पण या सगळ्याहून मोठं वेड त्या चौथ्याचं. चार माणसं झाल्याशिवाय खेळ मांडायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. तिघं जमलो आणि म्हटलं, चला तोवर सुरू करू, की ते कानांवर हात ठेवत. "चौघांशिवाय ह्यो खेळच न्हाई." आणि लगेच मोगरी खांद्यावर टाकून बागेबाहेर. मग जो दिसेल तो चौथा. एकदा मुडबीचा एक म्हातारा मिरच्यांचं पोतं घेऊन मोटारीची वाट बघत बसला होता. त्याला धरून आणलं. त्याची मोटार गेली, डाव काही संपला नाही, आणि ती रात्र तो पेशकारांच्या ओसरीवर झोपला. पुढं तो कधीही गावात आला की आपण होऊन बागेच्या फाटकात उभा राहून "हाजिर" म्हणायचा. एकदा हळ्ळीखेडहून एक शिपाई आरोपीला घेऊन चालला होता. पेशकारांनी शिपायाला विनंती केली. शिपाई म्हणाला, मला ड्युटी आहे, ह्याला घ्या. आरोपीचा हात चांगला बसला. तो आम्ही जिंकलेला एकमेव डाव असावा.

कायमचे मात्र आम्ही चौघं. पेशकार आणि मी एका बाजूला, तांबडे-पिवळे. दुसऱ्या बाजूला संगप्पा आणि महबूबभाई. संगप्पांचं बाजारात किराणा दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं, वजनमापही मोजकं. महबूबभाई शिंपी. त्यांच्या गळ्यात कायम टेप असायची, खेळतानासुद्धा.

या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या धामधुमीत संगप्पांचं दुकान लुटलं गेलं होतं. ॲक्शननंतर महबूबभाईंचं घर. एकानं दुसऱ्याचं काही केलं नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या सालानं गावात माणसामाणसांत जी भिंत घातली ती या दोघांच्या मधूनही गेली होती. आणि नेमक्या याच दोघांना पेशकारांनी एका बाजूला घातलं होतं. मी एकदा म्हटलं, "गडी बदलून बघू या का?" तर म्हणाले, "फैसला महफूज."

क्रोकेत जोडीदाराशी बोलल्याशिवाय चालत नाही. तुझा गोळा इकडं ठेव, मी त्याला टोला देऊन पुढं काढतो, अशी मसलत लागते. ही मसलत कोणामार्फत व्हायची, तर माझ्यामार्फत. हातभर अंतरावर उभे असलेले संगप्पा मला म्हणायचे, "मास्तर, तेन्ला सांगा, काळा गोळा खुंट्याच्या अलीकडं ठिवा म्हनावं." आणि महबूबभाई म्हणायचे, "मास्तर, उनकू बोलो, वहाँ से कमान नैं दिखती." मी बिचारा विरुद्ध बाजूचा गडी. माझ्याविरुद्धचे डावपेच मी स्वतः इकडून तिकडं पोचवत होतो, आणि ते मराठीतून उर्दूत करून देत होतो.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी मला जुलाब लागले होते आणि मी चिंचेमागं गेलो होतो. परत आलो तर महबूबभाई थेट म्हणत होते, "संगप्पा, हौले से मारो. हौले से." आणि संगप्पांनी हळू मारला. त्या दिवसापासून माझी दुभाष्याची नोकरी गेली. बागेबाहेर ते अजूनही एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं करत, पण फाटकाच्या आत आले की बोलत. बोलणं गोळ्यांपुरतंच असे.

अशी वर्षं गेली आणि छप्पन साल आलं. हैदराबाद राज्य फुटणार हे ठरलं. आमचा जिल्हा म्हैसूरला जाणार, उदगीर-लातूर मुंबई राज्यात. त्या वर्षी गावात कुणी कुणाला "जेवलाव का" विचारत नव्हतं, "तुम्ही कुठं जायलाव?" हेच विचारत होतं. कचेरीतले कारकून निम्मे इकडं, निम्मे तिकडं. माझा हुकूम यायचा होता. मी वळकटी बांधून ठेवली होती आणि रात्री झोपायला पुन्हा सोडत होतो. शाळेत मुलांना नकाशा शिकवावा तर कोणता, हाही प्रश्नच होता. कुणाचं कशात लक्ष लागत नव्हतं.

पेशकारांची तगमग तर बघवत नव्हती. हल्ली ते दुपारपासूनच बाहेर पडत. मोटारतळावर जाऊन कोण ट्रंका घेऊन चढतंय ते बघत. मला रोज विचारत, "हुकूम आला?" मी नाही म्हटलं की पुढं बोलत नसत, नुसते दुसऱ्या पायावर उभे राहत.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीला म्हैसूरहून एक तरुण इंजिनियर आला. पुढं त्यांच्या राज्यात येणाऱ्या सरकारी इमारती आणि बागा बघायला. त्या दिवशी संगप्पा हुलसूरला गेले होते आणि त्यांना यायला उशीर झाला. पेशकार मोगरी घेऊन बाजारभर पळत होते, याला विचार, त्याला विचार. इंजिनियर त्यांच्यामागून कुतूहलानं बागेत आला. शेवटी संगप्पा धुळीनं भरलेले तसेच मोटारतळावरून आले आणि खेळ सुरू झाला.

त्या गृहस्थाला आनंद झाला. त्यानं म्हैसूरच्या क्लबात हा खेळ खेळलेला होता. थोडा वेळ बघून तो गोड आवाजात कन्नडमध्ये म्हणाला, या खेळाला चार माणसं कशाला हवीत? एकेकानं दोन दोन गोळे घ्यायचे. "इब्बरे साकु." दोघं पुरे. नियमच आहे तसा. तुम्ही इतकी धावपळ उगीच करता.

तो बिचारा मदतच करत होता. त्यानं हसून नमस्कार केला आणि हौदाची मापं घ्यायला गेला.

मग संगप्पा हसले. "अरे यप्पा. म्हंजे इतकी वर्सं मी दुकान बंद करून फुकटच यायलोय म्हना की." ते सहज बोलले होते, प्रवासानं दमलेले होते. महबूबभाईंनी चष्मा काढला आणि टेपच्या टोकानं पुसायला लागले. पेशकार खुंट्याजवळ उभे होते. दोन्ही पायांवर, अगदी स्थिर. त्यांची पाळी होती. त्यांनी मोगरी उचलली, मारली, आणि ती गोळ्याला न लागता मातीत रुतली. अजून चांगला उजेड होता. तरी त्यांनी गोळे गोळा केले, पेटीत ठेवले, कुलूप लावलं. आम्ही तारखेची वाट बघत उभे राहिलो. ते फाटकाबाहेर निघून गेले. तारीख दिली नाही.

मी मागोमाग गेलो. आमची घरं एकाच आळीला. बराच वेळ त्यांचे जोडेच बोलत होते.

"पेशकारसाब," मी म्हणालो, "तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"ठावं होतं. तालुकदारसाब आन् मुन्सफसाब दोघंच खेळायचे कैकदा. मीच तर पुकारायचो."

मला राग आला. माझे इतके चहा बुडाले होते. "मग कामून आम्हाला रोज ओढायलाव?"

त्यांनी मोगरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"ॲक्शनच्या दिवसांत आमची मंडळी गेली, मास्तर. तापानं. तुमी नव्हताव तवा. मी, माझा मेव्हना आन् देवळातला पुजारी, आसं तिघं झालो. खांद्याला चौथा पायजे. चौथ्यासाठी मी समदं गाव फिरलो. दारं बंद. आत मान्सं हायती, खोकायलेत, लेकरू रडलं तर त्येचं तोंड दाबायलेत. मला आइकू यायलंय. पन कडी कुनी काढंना."

"संगप्पा?"

"संगप्पाच्या दारावर थाप मारली. महबूबच्या बी मारली. त्येन्ला काय म्हनू? भाईर कोन हाय, कामून बोलवायलाय, त्येन्ला काय ठावं? त्या दिसांत मला बी कुनी बोलवलं आसतं तर मी बी काढली नसती." त्यांनी मोगरीचा दांडा चाचपला. "शेवटी बैलगाडी आनली. तिला गाडीतनं नेलं. ज्वारीचं पोतं न्यावं तसं."

माझा राग कुठं गेला कळलं नाही.

"हाक मारल्यावर कडी काढायची लोकांची सवय मोडली हुती, मास्तर. ती रोज मारली तरच ऱ्हातीया. दोघांत खेळ झाला की दोन दारं बंदच." ते आपल्या दाराशी पोचले होते. "आता काय. आता समद्यांना कळलं." ते आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. मी खाटेवर आडवा झालो. चहा वेळेवर आला, गरम होता, आणि मी तो पूर्ण प्यालो. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडलं, आणि चहाला काही चव नव्हती. उन्हं चिंचेच्या शेंड्यांवर गेली. अंगणात कुणी माझ्या बापाचं नाव घेतलं नाही. मी उठून बसलो, पुन्हा आडवा झालो, पुन्हा उठलो, आणि शेवटी चपला घालून बाजारात गेलो.

संगप्पांचं दुकान बंद होतं. फळ्या लावलेल्या, आणि फळ्यांपुढच्या पायरीवर संगप्पा जोडे घालून बसलेले. पलीकडच्या अंगाला महबूबभाई, टोपी घालून, गळ्यात टेप. दोघं एकाच पायरीवर होते, बागेच्या फाटकाबाहेर, भर बाजारात. आणि दोघं रस्त्याच्या एकाच टोकाकडं बघत होते.

"पेशकारसाब आले न्हाईत अजून," संगप्पा मला म्हणाले, जणू मीच त्यांना अडवून ठेवलं होतं.

"काल तो इंजिनियर बोलला ना," मी चाचरत म्हणालो.

"काय बोलला?" संगप्पांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "त्येची कन्नड म्हैसूरची. मला काय कळली न्हाई."

हा माणूस हिशेब कन्नडमध्ये लिहितो, पूजेतली वचनं कन्नडमध्ये म्हणतो आणि गिऱ्हाइकाला शिव्याही कन्नडमध्येच देतो. मी महबूबभाईंकडं बघितलं.

"मेरेकू तो कनडी आतीच नैं," ते म्हणाले. वीस वर्षं या बाजारात ते कन्नडमध्ये मापं घेतायत.

"म्हणजे चौघं लागतात," मी म्हणालो.

"लागतेत की," संगप्पा उठले. "चला. चौथा कमी पडायलाय."

पेशकारांच्या आळीत आम्ही तिघं गेलो. दार बंद होतं. खिडकीही बंद होती. संगप्पांनी हात उचलला आणि तसाच धरला. मी त्यांना कालचं काही सांगितलं नव्हतं. पण ते त्या दाराकडं ज्या तऱ्हेनं बघत होते, त्यावरून मला कळलं की ती जुनी थाप त्यांनी आतून ऐकली होती आणि अजून विसरले नव्हते. महबूबभाईंनीही खाली मान घातली होती. मग संगप्पांनी थाप मारली. एकदा, आणि उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा, जोरात.

आत कुणीतरी खोकलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

महबूबभाईंनी घसा खाकरला, छाती पुढं काढली आणि कोर्टाच्या चपराशासारखी, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली. "माधवराव वल्द रामराव पेशकार, हाजिर?"

पेशकारांचं नाव माधवराव आहे हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कुरकुरणारे जोडे घाईनं दाराकडं आले आणि दारामागं थांबले. मग कडी निघाली.

"हाजिर," ते म्हणाले.